ब्रॅमवेल मास्तरांनी घर उबदार केलं

विनीबाई ओव्हरकोट घालून गाजरं चिरत होत्या. कोटाच्या बाह्या सारख्या गाजरांत येत होत्या म्हणून त्यांनी त्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या, आणि दुमडल्यावर हात गारठायला लागले म्हणून नवऱ्याचे जुने लोकरी मोजे पंज्याकडून कापून मनगटावर चढवले होते. अशा वेळी कुठल्याही शहाण्या माणसाने स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये. सिरिल ब्रॅमवेल मास्तरांनी ते टाकलं, आणि वर तोंडही उघडलं.

"ऑक्टोबरच तर आहे अजून," मास्तर म्हणाले.

विनीबाईंनी सुरी खाली ठेवली. "म्युरिएलचा फोन आला होता. तिच्या शेजारचा बंगला विकायला निघालाय. टॉर्कीला आज तिने दुपारचा चहा बागेत घेतला, सिरिल. बागेत! नुसत्या सुती झग्यावर! आणि इथे माझ्या हातातलं गाजर माझ्या हातापेक्षा गरम आहे."

"तसं नसतं. गाजराचं तापमान..."

"हा एक हिवाळा मी बघणार," विनीबाई म्हणाल्या. "घर गरम झालं तर झालं. नाहीतर वसंतात 'घर विकणे आहे' अशी पाटी लावायची आणि म्युरिएलच्या शेजारी जायचं. मग तू समुद्राला शिकव तापमान."

मास्तर हेदरशॉच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. उष्णता म्हणजे त्यांचं खास हातखंडा प्रकरण. ते शिकवताना त्यांना खडूचं भान राहत नसे. अशा माणसाच्या घरात बायकोने ओव्हरकोट घालून भाजी चिरावी, हा अपमान त्यांना झोंबत होता. पण अपमानाहून मोठं होतं ते घर. टेकडीच्या उतारावरचं, काळ्या पडलेल्या दगडाचं, खिडकीतून सबंध खोरं दिसणारं ते घर सोडून टॉर्कीला समुद्राकाठी जायचं आणि मेहुणी म्युरिएलबरोबर पत्ते खेळत म्हातारं व्हायचं, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं तेव्हा थंडी नसतानाही ते शहारले असते. इथे तर थंडी होतीच.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी निदान सांगितलं. ऊब वर जाते. वर माळा आहे. माळ्यावर काही नाही. म्हणजे आपण वर्षानुवर्षं हेदरशॉचं आभाळ तापवतो आहोत.

"मग थांबव," विनीबाई म्हणाल्या. "सांगू नकोस, थांबव."

शेजारी अ‍ॅक्रॉइड राहत. टपाल खात्यात पत्रं वाटून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर लोकांच्या दारांच्या फटीतून आत डोकावल्यामुळे गावातलं प्रत्येक घर आपल्याला आतून माहीत आहे, असा त्यांचा समज होता. मास्तरांनी त्यांच्याकडे फक्त शिडी मागितली. शिडीबरोबर अ‍ॅक्रॉइड आले.

"काचेची लोकर अंथरायची मास्तर, माळ्यावर. चांगली जाड. माझ्या मेव्हण्याने केलं, आता जानेवारीत त्याच्या घरात लोक अनवाणी फिरतात."

"तुम्ही केलंत का?"

"मी? छे हो! आमच्या माळ्यावर मिसेस अ‍ॅक्रॉइडचं सामान आहे."

मास्तरांनी माप घेतलं ते घराच्या बाहेरून, अंगणात पावलं टाकून. दगडी भिंतींनाही जाडी असते हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. त्यामुळे लोकरीच्या गुंडाळ्या इतक्या आल्या की जिन्याच्या पायरी-पायरीवर एकेक गलेलठ्ठ पाहुणा बसल्यासारखं दिसू लागलं. आणि मग कळलं की माळ्याची झडप पाहुण्यांच्या पोटापेक्षा अरुंद आहे.

"पिशवी फाडा," अ‍ॅक्रॉइड म्हणाले. "लोकरच ती. दाबून जाईल."

लोकर पिशवीत आधीच दाबून भरलेली होती. मास्तरांनी सुरी फिरवली तशी ती सुटकेचा श्वास घेतल्यासारखी फुगली, फुगत राहिली, आणि वरच्या मजल्यावरचा बोळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरून तिने बाथरूमचं दार दाबून धरलं. आत विनीबाई होत्या.

"सिरिल, दार उघडत नाहीये."

"एक मिनिट, विनी."

"बाहेर काय आहे?"

"ऊब," मास्तर म्हणाले.

शेवटी गुंडाळ्यांचे तुकडे केले आणि एकेक वर गेला. काचेची लोकर ज्याने हाताळली आहे त्याला पुढचं सांगायला नको, आणि ज्याने नाही त्याला सांगून पटणार नाही. मास्तरांना कॉलरच्या आत, कानाच्या मागे आणि शिक्षकाने उल्लेख करू नये अशा ठिकाणी खाज सुटली. अ‍ॅक्रॉइड झडपेखाली दिवा धरून उभे होते.

"तुळयांवरच पाय ठेवा हं, मास्तर. मधे नुसता गिलावा असतो."

"भार कशावर द्यायचा हे मला सांगू नका, अ‍ॅक्रॉइड. मी ते शिकवतो," मास्तर म्हणाले आणि त्यांचा उजवा पाय निजायच्या खोलीत उतरला.

विनीबाई खाली चादरी घडी करत होत्या. छतातून पांढरी धूळ आली, गिलाव्याचा तुकडा उशीवर पडला, आणि पाठोपाठ गुडघ्यापर्यंतचा नवरा आला. अ‍ॅक्रॉइड धावत खोलीत आले. मास्तरांचं तोंड वर माळ्यावर होतं, पण संकटात माणूस समोर दिसेल त्याच्याशी बोलतो; अ‍ॅक्रॉइड पायाशी बोलले.

"घाबरू नका, मास्तर. हळूच वर घ्या."

"मोजा तरी धड घालायचास," विनीबाई पायाला म्हणाल्या. अंगठा बाहेर होता.

भोकावर लाकडी फळी ठोकून रंग दिला. पण या प्रसंगानंतर मास्तर पेटले. त्यांनी माळ्याचा कोपरान् कोपरा झाकला. पाण्याची टाकी माळ्याच्या मधोमध दोन ओंडक्यांवर बसवलेली होती. तिच्याखाली हात जात नव्हता, तर मास्तरांनी पोटावर पडून केरसुणीच्या दांड्याने तिथेही लोकर ठासली. फट म्हणून ठेवली नाही.

आणि घर गरम झालं. खरंच झालं. पहिल्या संध्याकाळी विनीबाईंनी ओव्हरकोट काढला, दुसऱ्या संध्याकाळी स्वेटर. रविवारी त्यांनी ओव्हनमध्ये यॉर्कशायर पुडिंग फुगवलं आणि त्या चक्क गुणगुणल्या. मास्तर पाठीमागे हात बांधून घरभर फिरत होते आणि भिंतींना बोट लावून पाहत होते. म्युरिएलचा फोन आला तेव्हा त्यांनी स्वतः उचलला आणि टॉर्कीच्या हवेची आपुलकीने चौकशी केली.

"आता टाकीला तेवढं झबलं घातलं की संपलं," ते म्हणाले. टाकीच्या भिंती उघड्या होत्या. त्यासाठी विनीबाईंनी माहेरची जुनी, गुलाबी फुलांची पिसांची रजई उसवून, कडेला नाड्या लावून झबलं शिवलं. इतकं देखणं झालं की अ‍ॅक्रॉइड म्हणाले, हे आमच्या हिला होईल.

मास्तर झबलं खांद्यावर टाकून वर गेले. टाकीशी वाकले, नाडी बांधायला वर पाहिलं, आणि वाश्याच्या खाचेत त्यांना एक सुकलेलं पेअर लटकलेलं दिसलं. माळ्यावर पेअर कुठून, म्हणून त्यांनी बोट पुढे केलं. पेअरला नखं होती.

झबलं घेऊन ते जेवढ्या सावकाश वर गेले होते तेवढ्या सावकाश काही खाली आले नाहीत.

"वटवाघूळ!" अ‍ॅक्रॉइडांचे डोळे चमकले. "हात लावलात?"

"लावणार होतो."

"वाचलात! कायदा आहे, मास्तर. झोपलेलं वटवाघूळ हलवलं तर कोर्टात उभं करतात."

"घर माझं आहे, अ‍ॅक्रॉइड."

"घर तुमचं. माळा त्याचा."

मास्तर कायद्याने चालणारे. त्यांनी नगरपालिकेला फोन लावला. उंदीर-घुशींच्या खात्याने सांगितलं, वटवाघूळ आमच्यात येत नाही, आणि तुम्ही त्याला उपद्रवी समजत असाल तर ते चांगलं नाही. घरांच्या खात्याने विचारलं, ते भाडेकरू आहे का. उद्यानांच्या बाईने फारच अगत्याने चौकशी केली, पण माळा म्हणजे उद्यान नव्हे यावर ती ठाम होती. अखेर कुठल्या तरी खोलीतल्या कुठल्या तरी माणसाने सांगितलं की वटवाघळांच्या तपासनीस मिस थ्वेट येऊन पाहीपर्यंत माळ्यावर कुणीही जायचं नाही, काही बांधायचं नाही, काही सोडायचं नाही. मिस थ्वेट कधी येतील? सबंध परगण्यात त्या एकट्याच आहेत, आणि सध्या त्यांना सर्दी झाली आहे.

झबलं दिवाणखान्यातल्या खुर्चीवर पडून राहिलं. अ‍ॅक्रॉइड येत तेव्हा त्यावर बसत.

डिसेंबरात थंडी आली ती दात विचकूनच. एका सकाळी मास्तरांनी ब्रशवर पेस्ट घेतली, नळ सोडला, आणि नळ खोकला. संडासाची साखळी ओढली, तिकडूनही काही उत्तर आलं नाही. मास्तर कोरड्या टबाच्या कडेवर बसले. ब्रश तसाच हातात होता. त्यांच्यातला पदार्थविज्ञानाचा शिक्षक हळूहळू जागा झाला, आणि तो जागा झाला नसता तर बरं झालं असतं.

जी ऊब वाया जाते म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला, तीच ऊब सालोसाल टाकीच्या बुडाशी शेकोटीसारखी बसून होती. तिच्या जिवावर पाणी पातळ राहत होतं. मास्तरांनी ती शेकोटी विझवली. नुसती विझवली नाही, केरसुणीच्या दांड्याने तिचं तोंड बुजवलं. आता माळा रस्त्याइतका गार होता आणि टाकी त्यात उघडीनागडी बसली होती. हे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या वहीत वाचलं असतं तर समासात तांबड्या शाईने दोन शब्द लिहिले असते.

"स्वयंपाकघरातला नळ येतोय," विनीबाई दाराशी येऊन म्हणाल्या.

"तो थेट रस्त्याखालच्या नळीतून येतो."

"आणि इथला?"

"टाकीतून."

"आणि टाकीला काय झालं?"

मास्तर खिडकीबाहेर खोऱ्याकडे पाहू लागले. खोरं फार सुंदर दिसत होतं.

"सिरिल," विनीबाई शांतपणे म्हणाल्या, "टॉर्कीला टाक्या गोठत नाहीत."

प्रातर्विधींसाठी शेजारी जाण्यावाचून इलाज नव्हता. मास्तर ड्रेसिंग गाउनवर मफलर बांधून, टॉवेल काखोटीला मारून फाटकाबाहेर पडत, आणि शाळेची मुलं नेमकी तेव्हाच उतारावरून येत. "गुड मॉर्निंग, सर," ती एका सुरात म्हणत. उष्णतेच्या प्रकरणात मास्तर जेवढे रंगत नसत तेवढी ती पोरं रंगत होती. अ‍ॅक्रॉइडांच्या बाथरूममध्येही सुटका नव्हती, कारण अ‍ॅक्रॉइड दाराबाहेर उभे राहून सल्ला देत.

"मास्तर, मीठ टाकलं तर?"

"अ‍ॅक्रॉइड, मी जरा कामात आहे."

त्या शनिवारी मास्तरांचा संयम संपला. कायदा कायद्याच्या जागी. त्यांनी विजेचा हीटर उचलला आणि ते शिडी चढू लागले. दोन-तीन दांड्या चढले असतील तोच दारावरची घंटा वाजली. सायकल भिंतीला टेकवून, माणसापेक्षा बूट मोठे अशी एक ठेंगणी बाई आत आली. नाक लाल होतं.

"मी मिस थ्वेट. हीटर कुठे चाललाय?"

"खाली आणतोय," मास्तर म्हणाले, आणि खरोखरच खाली आणला.

मिस थ्वेट बूट काढून वर गेल्या. उतरल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मिस्टर ब्रॅमवेल, मी सबंध परगणा फिरले. इतका सुंदर थंड माळा मी जन्मात पाहिला नाही. खालची ऊब तसूभरही वर येत नाही! ती लांब कानांची आहे, मादी, आणि काय गाढ झोपलीय! कुणी केलं हे काम?"

आयुष्यात प्रथमच कुणीतरी मास्तरांच्या हातच्या कामाची तोंडभरून स्तुती करत होतं. 'मी' म्हणावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

"बाई, टाकी गोठलीय," ते म्हणाले.

"हो ना! छानच!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. माळा तापला तर तिला वाटेल वसंत आला. ती उठेल, बाहेर जाईल, बाहेर एक किडासुद्धा नाही. दोन दिवसांत उपासाने मरेल. म्हणून हीटर नाही, मोठा दिवा नाही, हातोडी नाही, बोलणंही शक्यतो नाही.

"आणि आम्ही?" मास्तर म्हणाले. "आम्ही काय करायचं?"

"तुम्हाला शेजार आहे की," मिस थ्वेट म्हणाल्या.

मास्तरांनी आशेने बायकोकडे पाहिलं. आता ती ओव्हरकोट, म्युरिएल, टॉर्की असा तोफखाना या बाईवर सोडील आणि एकदाचं वटवाघळाचं काय ते होईल. पण विनीबाईंनी विचारलं, "मी बघू का तिला?"

दोघी पायमोज्यांनी वर गेल्या. विनीबाई उतरल्या त्या वेगळ्याच.

"सिरिल, तिने कान घडी करून पंखाखाली ठेवलेत रे! छत्री मिटावी तसे. एवढीशी आहे, माझ्या अंगठ्याएवढी. आणि इतक्या थंडीत एकटी. पण तक्रार आहे का काही?"

मास्तर या बाईबरोबर उभा जन्म संसार करत आले होते. ते चहाचं आधण ठेवायला गेले.

चहा झाला, बिस्किटं झाली, आणि तह ठरला. टाकीखालची तेवढी लोकर काढायची, म्हणजे खालची ऊब टाकीपुरती पोचेल. झबलं घालायला हरकत नाही, पण अलगद. सगळं हातांनी, पायमोज्यांवर, लाल काच लावलेल्या बॅटरीच्या मिणमिणत्या उजेडात. खोकायचं नाही. शिंकायचं तर मुळीच नाही.

तेव्हा ब्रॅमवेल मास्तर पुन्हा माळ्यावर पोटावर पडले आणि जी लोकर त्यांनी प्राणपणाने ठासली होती ती टोस्ट भाजायच्या लांब काट्याने चिमूट-चिमूट उपसू लागले. जाते लवकर, निघत मात्र नाही. बॅटरी विनीबाईंच्या हातात होती. तिचा उजेड मास्तरांवर पडायला हवा होता, पण तो सारखा वाश्याकडे सरकत होता.

"विनी, इकडे धर," मास्तर पुटपुटले.

"श्श!"

"मला दिसत नाहीये."

"ती हलली! कान हलला!"

झडपेतून अ‍ॅक्रॉइडांचं डोकं वर आलं. "मास्तर," ते कुजबुजले, "डावीकडून ओढा."

"श्श!" खालून मिस थ्वेट म्हणाल्या.

नेमकी त्याच वेळी मास्तरांच्या नाकात लोकरीचं कुसळ गेलं. शिंक आली. ती नाकापर्यंत आली, डोळ्यांत आली, कपाळाच्या शिरा टरारल्या, आणि मास्तरांनी ती गिळली. सबंध गिळली. तो पराक्रम कुणी पाहिला नाही, कारण सगळ्यांचे डोळे वटवाघळावर होते.

झबलं चढलं, गुलाबी फुलांच्या नाड्या बांधून झाल्या. रविवारी दुपारी, मास्तर तोंडाला साबण लावून स्वयंपाकघरातून आणलेल्या गरम पाण्यात वस्तरा बुचकळत असताना, बाथरूमचा नळ गुरगुरला, थुंकला, आणि वाहू लागला. मास्तरांनी साबणासकट आरोळी ठोकली. "विनी! पाणी आलं!"

"हो," निजायच्या खोलीतून विनीबाईंचा आवाज आला. "इकडेही आलं."

बर्फाने फुगून नळीचा सांधा उकलला होता, आणि बर्फ होता तोवर त्यानेच तो बुजवून धरला होता. आता पाणी लोकरीतून झिरपत, सोयीची वाट म्हणून मास्तरांनी ठोकलेल्या फळीशी आलं होतं आणि पलंगावर धो-धो पडत होतं. मास्तरांनी फळीखाली धुण्याचा टब धरला तोच फळीही आली. पाठोपाठ भिजलेली लोकर आली. अ‍ॅक्रॉइड पाणी बंद करायला जिन्याखालच्या चावीशी झोंबत होते आणि तिथून ओरडत होते, "डावीकडे की उजवीकडे?"

"बंद होईल तिकडे!" मास्तर गरजले.

विनीबाई फोनकडे धावल्या. मास्तरांना वाटलं, नळवाल्याला बोलावतायत. आल्या मिस थ्वेट, सायकल अंगणात तशीच टाकून. दोघी मास्तरांना आणि टबाला वळसा घालून शिडीने वर गेल्या.

"ठीक आहे!" वरून विनीबाईंची आनंदाने भरलेली कुजबुज आली. "ती अगदी ठीक आहे, सिरिल!"

"मी भिजलोय!" मास्तर ओरडले.

"आवाज नको!" दोघी एकदम म्हणाल्या.

नळवाला आला, त्याने सांधा बदलला, छताचं भोक पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, टोपी काढली, आणि गेला. ते टोपी काढणं मास्तरांच्या मनाला जास्त लागलं. गादी दिवाणखान्यात शेगडीसमोर वाळत घातली होती, आणि तिच्या आडोशाला बसून मास्तर मनातल्या मनात भाषणाची तयारी करत होते. आता म्युरिएलचा फोन येणार, पाटी लागणार. निदान बोलायचं तेवढं बोलून घ्यावं. त्या खिडकीबद्दल, खोऱ्याबद्दल, या दगडी भिंतींबद्दल. त्यांनी सुरुवातीचं वाक्य दोन-चार प्रकारे जुळवून पाहिलं. चांगलं जमत होतं. एका ठिकाणी तर त्यांनी स्वतःलाच 'वा!' म्हटलं.

फोन वाजला. विनीबाईंनी घेतला.

"अगं, म्युरिएल, विकायचं कसं? मार्चपर्यंत तिला हलवता येत नाही. आणि मिस थ्वेट म्हणतात, जागा आवडली तर उन्हाळ्यात पिल्लं घालायला मैत्रिणींना घेऊन येते. आता नव्या माणसांनी येऊन तिथे काहीबाही केलं तर? छे, छे. मला आता त्यांनी परगण्याची मदतनीस नेमलंय. बॅटरी दिलीय... कोण, सिरिल? आहे ना. इथेच कुठेतरी असेल... नाही गं, थंडी कसली? सवयीचा प्रश्न असतो."

मास्तर गादीच्या आडून बाहेर आले. घर राहिलं होतं. ते राहावं म्हणून त्यांनी लोकर वाहिली, पाय छतातून घातला, शिंक गिळली, सबंध शाळेसमोरून टॉवेल घेऊन फिरले. त्यातलं काहीही उपयोगी पडलं नव्हतं. उपयोगी पडली होती वरच्या खाचेतली ती झोपाळू बया, जिने ऑक्टोबरपासून हूं की चूं केलं नव्हतं.

विनीबाईंनी फोन ठेवला.

"म्हणजे," मास्तर घसा साफ करून म्हणाले, "आपण इथेच राहतोय तर!"

"हळू बोल," विनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळ्यांनी वर खूण केली.

मास्तरांनी मान डोलावली. मग सपाता हातात घेऊन, नुसत्या मोज्यांनी, जराही आवाज होऊ न देता ते स्वतःच्या घराचा जिना चढून गेले.